मिठाचा रस्ता आणि गाडीखालचा गंज

उर्दूच्या वर्गात एक जोडी मुलांना हमखास गोंधळात टाकते. 'जीम'ने लिहिले तर 'जंग' म्हणजे युद्ध आणि 'ज़े'ने लिहिले तर 'ज़ंग' म्हणजे गंज. फरक एका अक्षराचा. मराठीत आपण 'कुलपाला जंग चढला' म्हणतो आणि 'जंग जंग पछाडले' असेही म्हणतो. नागरी लिपीत दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून मी मुलांना सांगतो की, अर्थ अक्षरात शोधू नका, वाक्यात शोधा.

गंजाचेही तसेच आहे. तो लोखंडावर दिसतो, पण त्याचे कारण पुष्कळदा लोखंडाबाहेर असते. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील थंड प्रदेशांत मोटारींच्या सस्पेन्शनला लागणारा गंज हे त्याचे चांगले उदाहरण आहे. सस्पेन्शन म्हणजे चाके आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी सगळी व्यवस्था. त्यात स्प्रिंगा, शॉक अॅब्सॉर्बर, चाकांना धरून ठेवणारे लोखंडी हात, बॉल जॉइंट, रबरी बुश आणि हे सगळे ज्यावर बसते ती सबफ्रेम येते. गाडीचे वजन आणि रस्त्याचा प्रत्येक दणका याच भागांवर येतो. दरवाजा गंजला तर गाडी कुरूप दिसते, पण सस्पेन्शन गंजले तर जिवावर बेतू शकते.

माझा एक माजी विद्यार्थी कॅनडात ओंटारिओ प्रांतात नोकरी करतो. तिथे त्याने दहा वर्षे वापरलेली गाडी घेतली. वरून ती नव्यासारखी चकचकीत होती. मेकॅनिकने उचलून दाखवली तेव्हा खालचा सगळा भाग तपकिरी, पापुद्रे सुटलेला निघाला. त्याने फोटो पाठवून विचारले, "सर, आपल्याकडे एवढा पाऊस पडतो, तरी गाड्या अशा होत नाहीत. इथे काय होते?" त्याच्या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्रात थोडे आणि इतिहासात जास्त आहे.

बर्फ दाबणारे लोक

मोटारी येण्यापूर्वी उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ सहसा कोणी काढत नसे. उलट तो जपला जाई. लोक घसरगाडीने, म्हणजे घोड्यांच्या स्लेजने प्रवास करत. स्लेजला चाके नसतात, तिला खाली बर्फ लागतो. न्यू इंग्लंडमधील गावे घोडे जुंपलेले अवजड लाकडी रोलर फिरवून बर्फ दाबून घट्ट करत. तिथे लाकडी छपराचे पूल होते. छपरामुळे पुलावर बर्फ पडत नसे, म्हणून माणसे लावून पुलाच्या आत बर्फ पसरावा लागे, नाहीतर स्लेज अडकायची.

मोटार आली आणि सगळे उलटे झाले. रबरी टायरला बर्फ नको असतो. आधी नांगरासारख्या पात्याने बर्फ बाजूला सारणे आणि वर वाळू किंवा कोळशाची राख टाकणे एवढेच चाले. वाळूचा ढीग गोठून दगड होऊ नये म्हणून तिच्यात थोडे मीठ मिसळत. नुसते मीठ रस्त्यावर टाकण्याचे सर्वसाधारण धोरण स्वीकारणारे पहिले अमेरिकी राज्य न्यू हॅम्पशायर. ते १९४१-४२ च्या हिवाळ्यात. त्या हिवाळ्यात संपूर्ण अमेरिकेच्या महामार्गांवर मिळून सुमारे ५,००० टन मीठ पडले.

महायुद्धानंतर रस्त्यांच्या खात्यांनी नवे उद्दिष्ट ठेवले. हिमवर्षाव थांबला की शक्य तितक्या लवकर काळा डांबरी रस्ता उघडा दिसला पाहिजे. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणायला सुरुवात झाली. लोक उपनगरांत राहायला गेले, ट्रकने माल जाऊ लागला, आणि हिवाळ्यात घरी बसणे कोणाला परवडेनासे झाले. १९५५ मध्ये मिठाचा वापर दहा लाख टनांच्या आत होता. पुढच्या पंधरा वर्षांच्या आत तो एक कोटी टनांजवळ पोहोचला. आता अमेरिकेत वर्षाला सुमारे दोन कोटी टन मीठ रस्त्यांवर पडते.

मीठ निवडले गेले ते स्वस्त होते म्हणून. गंमत अशी की, मोटारींची राजधानी मानले जाणारे डेट्रॉइट शहरच मिठाच्या थरावर वसलेले आहे. तिथे जमिनीखाली शेकडो मीटरवर विसाव्या शतकाच्या आरंभापासून मिठाची खाण आहे. ओंटारिओतील गॉडरिच येथे ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली १९५९ पासून चालू असलेली खाण जगातील सर्वांत मोठी भूमिगत मीठखाण मानली जाते. वर गाड्या बनत होत्या आणि त्यांना खाणारा पदार्थ पायाखालीच होता.

मीठ नेमके काय करते

मीठ लोखंड खाते असे आपण बोलताना म्हणतो. प्रत्यक्षात गंजासाठी लोखंड, पाणी आणि प्राणवायू एवढेच लागते. मीठ त्यात खर्च होत नाही, पण तीन प्रकारे मदत करते. एक, पाण्यात मीठ विरघळले की त्यातून वीज सहज वाहते, आणि गंज ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे. दोन, मिठातील क्लोराइड धातूवरचा संरक्षक पापुद्रा भेदते. तीन, मीठ ओलावा धरून ठेवते. अधिक थंड भागांत मिठाच्या जोडीला कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. ते हवेतून पाणी ओढतात. रस्ता कोरडा दिसतो, पण गाडीखालचे सांधे ओलेच राहतात.

हेच माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर. आपल्या देशावरच्या पावसाचे पाणी जवळजवळ गोडे असते आणि ते उन्हात वाळून जाते. कोकणात किनाऱ्यावर राहणाऱ्यांना खाऱ्या वाऱ्याचा अनुभव आहे. खिडकीचे गज आणि स्कूटरचे मडगार्ड तिथे लवकर सडतात. पण थंड देशांत गाडीच्या पोटावर हे खारे पाणी चाकांच्या वेगाने फवारले जाते आणि चार-पाच महिने फवारले जात राहते.

थंडीत गंज मंदावतो, हेही खरे. म्हणून बाहेर गोठलेल्या गाडीपेक्षा मीठ लागलेली, ओली गाडी रोज उबदार गॅरेजमध्ये ठेवली तर ती लवकर गंजते. माया करावी तर असे होते.

जाड लोखंडाकडून पातळ पत्र्याकडे

जुन्या मोटारीला जाड लोखंडी चौकट असे. तिच्याखाली टांग्यासारखे कमानपाटे असत. 'कमान' हा फारसी शब्द धनुष्यासाठी आहे, आणि एकावर एक ठेवलेल्या त्या वाकड्या पट्ट्यांना तो शोभतो. पट्ट्यांच्या फटीत पाणी शिरले की गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे पट्ट्या फुगून अडकतात आणि कुरकुरतात. १९२० च्या दशकात हौशी मालक पाट्यांमध्ये ग्रीस भरून वर चामड्याचे आवरण घालत, बूट घातल्यासारखे. सस्पेन्शन वाचवण्याचा हा सर्वांत जुन्या उपायांपैकी एक.

दुसरा उपाय ग्रीसचा. ऑस्कर झर्क या ऑस्ट्रियन संशोधकाच्या नावाने ओळखली जाणारी ग्रीसची निप्पल १९२९ मध्ये अमेरिकेत पेटंट झाली. गनने नवे ग्रीस दाबले की जुने ग्रीस पाणी आणि घाण घेऊन बाहेर पडते. म्हणजे प्रत्येक ग्रीसिंग ही सांध्याची आतून धुलाईच असे. १९६० च्या दशकापासून कंपन्यांनी 'देखभाल नको' म्हणून रबरी टोपीचे बंद सांधे आणले. टोपी शाबूत तोवर उत्तम. ती फाटली की खारे पाणी आत जाते आणि ते बाहेर काढायची वाटच उरत नाही.

मोठा बदल मात्र चौकट गेली तेव्हा झाला. युद्धानंतरच्या गाड्यांत चौकट आणि वरचा साचा एकच झाला, पातळ पत्रा दुमडून केलेल्या पोकळ पेट्यांचा. गाडी हलकी आणि स्वस्त झाली, पण त्या पोकळीत चिखल आणि मीठ साचू लागले. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या फोर्ड कॉन्सलने मॅकफर्सन स्ट्रट रूढ केला. त्यात स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असून त्यांचे वरचे टोक बॉनेटखालच्या पत्र्याला बोल्टने जोडलेले असते. तो पत्रा सडला की स्ट्रटला धरायला काही उरत नाही. १९५९ च्या प्रसिद्ध 'मिनी'ची मागची सबफ्रेम तर गंजण्यासाठी इतकी बदनाम झाली की, ती बदलणे हे ब्रिटनमधील गॅरेजांचे नेहमीचे काम होऊन बसले.

ब्रिटनने १९६० मध्ये जुन्या गाड्यांसाठी एमओटी नावाची सक्तीची तपासणी सुरू केली. आरंभी ती दहा वर्षांवरील गाड्यांची होती आणि ब्रेक, दिवे, स्टिअरिंग एवढेच पाहिले जाई. १९६७ पर्यंत ती तीन वर्षांच्या गाडीपासून लागू झाली. पुढे गंजाचाही नियम आला. सस्पेन्शन जिथे जोडले आहे तिथून ३० सेंटिमीटरच्या आत सांगाडा फार सडलेला असेल, तर गाडी नापास. कुठला गंज दिसायला वाईट आणि कुठला जीवघेणा, हा फरक या नियमाने स्पष्ट केला.

१९८० मध्ये इटलीच्या लॅन्शिया कंपनीच्या बीटा गाड्यांचे प्रकरण ब्रिटिश वृत्तपत्रांत गाजले. इंजिन आणि पुढच्या चाकांचा भार सांभाळणारी सबफ्रेम जिथे जोडलेली असते तिथे त्या गाड्या सडत होत्या. कंपनीने ग्राहकांकडून गाड्या परत विकत घेतल्या, पण नाव गेले ते गेलेच. १९९४ मध्ये तिने ब्रिटनची बाजारपेठ सोडली.

कल्हई आणि जस्ती बादली

धातूवर दुसऱ्या धातूचा थर देणे आपल्याला नवे नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारे कारागीर आपल्या गावागावांत फिरत. त्यांत मुसलमान कल्हईवाले पुष्कळ होते. भाता, निखारे, नवसागराचा पांढरा धूर आणि कापसाच्या बोळ्याने फिरवलेले कथील हे दृश्य माझ्या पिढीने पाहिले आहे. नवसागर हाही एक क्लोराइड क्षारच. भांड्यावरचा मळ काढणारा क्षार आणि गाडी सडवणारा क्षार एकाच कुळातले आहेत. फरक आहे तो कुठे, किती आणि किती वेळ याचा.

कल्हई हे निव्वळ आवरण आहे. पत्र्याच्या डब्यालाही आत-बाहेर कथील असते. त्यावर चरा पडला की आतले लोखंड अधिकच वेगाने गंजते. जस्ती बादलीचे तसे नाही. तिला चरा पडला तरी जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी १८३७ मध्ये या जस्तलेपाचे पेटंट घेतले. त्यामागचे तत्त्व मात्र त्याआधी, १८२४ मध्ये, इंग्लंडच्या हम्फ्री डेव्ही यांनी मांडले होते. आरमारी जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा समुद्रात झिजत होता. डेव्हींनी त्याला जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबे वाचले. पण विरघळणारे तांबे समुद्री जीवांना विषारी असते आणि त्यामुळेच जहाजाचा तळ स्वच्छ राहत होता. तांबे विरघळायचे थांबल्यावर शंख-शिंपले चिकटले आणि जहाजे मंदावली. आरमाराने तो उपाय सोडून दिला.

मोटारींमध्ये जस्त उशिरा आले. १९६० च्या दशकात फोर्डने गाडीचा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने प्रत्येक फटीत रंग पोहोचवण्याची पद्धत आणली आणि १९७६ नंतर तिचा सुधारलेला प्रकार सर्वत्र पसरला. पोर्शने १९७० च्या दशकाच्या मध्यास आणि ऑडीने १९८० च्या दशकात पूर्ण सांगाडा जस्तलेपित केला. गाड्यांच्या वरच्या भागाचा गंज कमी झाला. सस्पेन्शनच्या स्प्रिंगांना मात्र बादलीसारखे जस्तात बुडवणे सोपे नाही. अतिशय कणखर पोलादात त्या प्रक्रियेने हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकते. म्हणून स्प्रिंगांना फॉस्फेटचा थर आणि वर रंगाची पावडर भाजून बसवतात. गाडी हलकी करण्यासाठी स्प्रिंगची तार बारीक आणि पोलाद अधिक कणखर होत गेले. त्यामुळे रस्त्यावरचा खडा लागून रंगाचा टवका उडाला, तिथे गंजाचा छोटा खड्डा पडला, की रोजच्या दणक्यांनी त्याच जागी तडा जातो. बहुधा सर्वांत खालच्या वेटोळ्यात, जिथे वाळू आणि पाणी अडकून बसते.

तेल, मेण आणि लोकरीची चरबी

कारखान्यात न मिळालेले संरक्षण लोकांनी गॅरेजात शोधले. १९५९ मध्ये डेट्रॉइटमध्ये झीबार्ट नावाने गाडीच्या पोकळीत मेणासारखा लेप फवारण्याचा धंदा सुरू झाला आणि पुढे तो जगभर गेला. डांबरासारखे जाड काळे लेपही निघाले. ते नव्या गाडीवर ठीक. गंज धरलेल्या भागावर लावले तर तडकतात आणि ओलावा आत कोंडून ठेवतात. वरून काळेभोर, आतून पोकळ.

कॅनडातील शेतकऱ्यांची रीत साधी होती. थंडी पडण्याआधी गाडीखाली जुने इंजिन तेल मारायचे आणि धुळीच्या रस्त्यावरून चक्कर मारायची. तेलावर धूळ बसून थर होई. ते तेल ठिबकून जमिनीत आणि पाण्यात जाते, म्हणून ही रीत आज योग्य मानली जात नाही. पण दरवर्षी नवा पातळ, वाहणारा तेलकट थर देण्याची कल्पना तिथल्या धंदेवाईक तेल-फवाऱ्यांनी उचलली. लोकरीपासून निघणाऱ्या लॅनोलिनचे लेपही त्यातलेच. मेंढीला पावसात कोरडे ठेवणारी ही चरबी पोलादालाही कोरडे ठेवते.

काहींनी डेव्हींचे तत्त्व विजेच्या डबीत घालून विकले. बॅटरीला डबी जोडा, गंज थांबेल. बोटीच्या पाण्यात बुडालेल्या भागावर हे तत्त्व चालते, कारण सभोवती अखंड पाणी असते. रस्त्यावरच्या गाडीला ते मिळत नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा एका डबीच्या विक्रेत्यांवर खोट्या दाव्यांबद्दल कारवाई केली.

बिल कोणी भरले?

इथे मला या इतिहासातला खरा प्रश्न दिसतो. रस्त्यावर मीठ टाकल्याने अपघात कमी होतात, रुग्णवाहिका वेळेवर पोहोचते. हा सार्वजनिक लाभ आहे आणि तो कोणी नाकारू नये. पण मिठाची किंमत सरकारी हिशेबात टनाला अमुक डॉलर एवढीच लिहिली गेली. गाडीखाली जे झिजत गेले ते त्या वहीत आले नाही. अमेरिकेच्या ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डाने १९९१ मध्ये मीठ आणि कमी गंजवणारे कॅल्शियम मॅग्नेशियम अॅसिटेट यांची तुलना केली. पर्यायी पदार्थ मिठाच्या वीसपटींहून महाग निघाला. मीठ राहिले.

मग झीज कोणाच्या वाट्याला गेली? नवी गाडी घेणारा तीन-चार वर्षांत ती विकतो. गंज तेव्हा कुठे मूळ धरत असतो. तिसरा, चौथा मालक म्हणजे विद्यार्थी, नुकताच आलेला स्थलांतरित, कमी पगाराचा कामगार. सडलेली सबफ्रेम त्याच्या नशिबी येते. बिल शेवटी त्यालाच भरावे लागते, कधी पैशांत, कधी जिवावर.

कंपन्यांनाही अधूनमधून हिशेब द्यावा लागला. २०१० मध्ये फोर्डने १९९८ ते २००३ च्या विंडस्टार व्हॅन परत बोलावल्या. मागच्या अॅक्सलच्या पोकळीत खारे पाणी साचून तो तुटू शकत होता. अमेरिका आणि कॅनडा मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या होत्या, आणि अमेरिकेत बोलावणे मीठ पडणाऱ्या राज्यांपुरते होते. टोयोटाने टॅकोमा ट्रकच्या सडणाऱ्या चौकटींसाठी २००८ मध्ये हमी पंधरा वर्षांपर्यंत वाढवली आणि २०१६ मध्ये अब्जावधी डॉलरची तडजोड केली. याउलट, २०१५ मध्ये जुन्या गाड्यांच्या ब्रेकच्या नळ्या गंजून फुटण्याची चौकशी अमेरिकी सरकारने बंद केली आणि मालकांना सांगितले की, हिवाळ्यात गाडीचे पोट धुवा आणि नळ्या तपासून घ्या. 'ज्याचे जळते त्याला कळते' ही आपली म्हण तिथेही लागू पडते.

विद्यार्थ्याला पाठवलेले उत्तर

आपली कितीतरी मुले आज टोरांटो, शिकागो, डेट्रॉइट परिसरात आहेत आणि पहिली गाडी जुनीच घेतात. त्या विद्यार्थ्याला मी या इतिहासातून निघणाऱ्या चार गोष्टी कळवल्या, त्या इथेही देतो.

जुनी गाडी रंग पाहून घेऊ नकोस. पैसे देण्याआधी ती लिफ्टवर चढवून स्प्रिंगांची खालची वेटोळी, बॉल जॉइंटच्या रबरी टोप्या, सबफ्रेम आणि ती जिथे जोडली आहे तो भाग मेकॅनिककडून ठोकून पाहा. थंडी पडण्याआधी, गाडी धुऊन कोरडी झाल्यावर, पातळ तेलाचा किंवा लॅनोलिनचा फवारा मारून घे. तो दरवर्षी लागतो. ब्रेकच्या चकत्यांवर तो अजिबात जाऊ देऊ नकोस, आणि रबरी बुशला चालणारा आहे का ते विचार, कारण काही तेलांनी रबर फुगते. हिवाळ्यात तापमान शून्याच्या वर गेले की गाडीचे पोट धुऊन घे आणि दारांखालची पाणी निघायची भोके उघडी ठेव. शेवटचा हिमवर्षाव झाल्यावर तर नक्कीच धू, कारण ऊब वाढली की साचलेले मीठ सर्वांत जास्त काम करते. आणि गाडीतून नवा 'टक' असा आवाज आला किंवा ती एका बाजूला कलली, तर पगाराची वाट न पाहता त्याच दिवशी दाखव.

आपल्या भाषांत मीठ म्हणजे इमान. खाल्ल्या मिठाला जागावे, नमकहराम होऊ नये, असे आपण म्हणतो. ज्यांनी रस्त्यावर मीठ टाकले त्यांनी लोकांचे प्राण वाचवले, हे मान्य. पण त्या मिठाचा पुरा हिशेब मांडणे आणि जुन्या गाडीत बसणाऱ्या माणसाची तपासणी, दुरुस्ती व सुरक्षितता हाही रस्त्याच्याच खर्चाचा भाग मानणे, एवढे इमान अजून बाकी आहे.